गोव्याहून वडिलांना

सन १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्यातून उतरलेले तिशीचे इंग्रज जेझुइट म्हणजेच आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडात तेव्हा कॅथलिक पाद्र्यास थारा नव्हता.

१० नोव्हेंबरला त्यांनी लंडनच्या व्यापारी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. धर्मप्रसाराच्या गोष्टी त्यात फारशा नाहीत. वारे, पक्षी, शार्क मासे, हिरड्या सुजून आजारी पडलेले दीडशेवर प्रवासी, त्यांतले २७ मृत. इथले पाणी चांगले, माडाची दारूही मिळते, आणि प्रकृतीने साथ दिली तर पुन्हा लिहीन. दूर गेलेला मुलगा घरी आणखी काय लिहिणार?

१५८९ मध्ये हे पत्र लंडनला छापले गेले. पुढे १६१३ मध्ये सुरतेस इंग्रजांची वखार झाली. तिकडच्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले असल्यास नवल नाही.

१५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्राचा सूर निराळा आहे. त्या वर्षी कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले होते. देवळे पाडल्याचा तो संताप होता, हे विसरता येत नाही. पण त्याच पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती मानली आहे.

१६१६ मध्ये रायतूरला त्यांच्या सुमारे ११,००० मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. वडिलांचे घर त्यांना पुन्हा दिसले नाही.