चार सम्राटांनी पाच वेळा हाकललं, तरी हा बिशप एका शब्दाला चिकटून राहिला

बायबल तेच, प्रार्थना तीच, येशूचं नावही तेच. मग समोरचा जे शिकवतोय ते खरं की खोटं, हे ओळखायचं कसं? चौथ्या शतकात या प्रश्नाने अख्खं रोमन साम्राज्य ढवळून निघालं होतं.

तर गोष्ट आहे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातली. तिथे आरियस नावाचे एक वयस्कर धर्मगुरू होते. त्यांचं म्हणणं असं की अनादी देव एकच, तो म्हणजे पिता. पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा त्याने निर्माण केलेला. सगळ्यांत आधी, सगळ्यांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. आरियस यांनी हे गाण्यांतही बसवलं. खलाशांसाठी वेगळी गाणी, दळण दळणाऱ्यांसाठी वेगळी, वाटसरूंसाठी वेगळी. आजच्या भाषेत सांगायचं तर विषय व्हायरल झाला.

तिथल्या बिशपच्या हाताखाली अथनेशियस नावाचे एक तरुण डीकन होते. त्यांचा मुद्दा साधा होता. जो स्वतःच निर्माण झालाय, तो माणसाला देवाशी कसा जोडणार? आणि तसं असेल, तर ख्रिस्ताची उपासना करणारे सगळे देव सोडून निर्मितीलाच पूजतायत की!

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांची सभा बोलावली. तिथे खरी गंमत झाली. बायबलमधला कुठलाही शब्द पुढे केला की आरियसचे समर्थक तो मान्य करायचे. ख्रिस्त देवापासून आला? मान्य, सगळंच देवापासून आलंय. शब्द तेच ठेवायचे आणि अर्थ आपला भरायचा. शेवटी सभेने बायबलमध्ये नसलेलाच एक ग्रीक शब्द निवडला. होमोउसियोस, म्हणजे पित्याशी एकतत्त्व. यातून पळवाट नव्हती.

३२८ साली अथनेशियस अलेक्झांड्रियाचे बिशप झाले आणि मागे शुक्लकाष्ठ लागलं. त्यांनी आर्सेनियस नावाच्या बिशपचा खून करून त्याचा हात जादूटोण्यासाठी वापरला, असा आरोप झाला. पुरावा म्हणून एक कापलेला हातही फिरवला गेला. ३३५ साली टायरच्या सभेत अथनेशियस यांनी आर्सेनियसलाच हजर केलं. जिवंत, दोन्ही हातांसकट!

तरीही सभेने त्यांना पदावरून काढलं. अथनेशियसही काही गरीब गाय नव्हते. त्यांच्या समर्थकांनी विरोधकांना मारहाण केल्याचं सांगणारं त्याच काळातलं एक पत्र इजिप्तमध्ये सापडलंय. पण सम्राट भडकला तो वेगळ्याच आरोपाने. राजधानीला जाणारं इजिप्तचं धान्य रोखण्याची धमकी अथनेशियस यांनी दिली, असं त्याच्या कानावर घातलं गेलं. रवानगी थेट ट्रायरला, आजच्या जर्मनीत.

पुढे कॉन्स्टंटियस, ज्युलियन, व्हॅलेन्स. सम्राट बदलत गेले, कारणं बदलत गेली, हद्दपारी चालूच. एकूण पाच वेळा, मिळून सुमारे १७ वर्षं. ३५६ साली रात्रीची प्रार्थना चालू असताना सैनिक चर्चमध्ये घुसले. अथनेशियस निसटले आणि पुढची सहा वर्षं वाळवंटातल्या संन्याशांनी त्यांना लपवलं. याच काळात सम्राटाच्या दबावाखाली बहुतेक बिशपांनी एका मोघम मसुद्यावर सह्या केल्या. पुत्र पित्यासारखा आहे, एवढंच त्यात होतं. कसा, किती, ते नाही.

इतकं सोसलेला माणूस परत आल्यावर हिशेब चुकते करेल, असं कुणालाही वाटेल. पण ३६२ साली अलेक्झांड्रियात झालेल्या सभेत उलटंच घडलं. नायसियाच्याच बाजूचे दोन गट वेगवेगळे शब्द वापरत म्हणून एकमेकांना पाखंडी ठरवत होते. अथनेशियस यांनी दोघांना त्यांच्या शब्दांचा अर्थ विचारला. अर्थ एकच निघाला आणि सभेत तरी शब्दांवरचं भांडण मिटलं. माझ्या मते एवढ्या हद्दपाऱ्या सोसण्यापेक्षा हे जास्त अवघड होतं.

३६७ साली ईस्टरनिमित्त लिहिलेल्या पत्रात त्यांनी कोणती पुस्तकं पवित्र शास्त्र मानायची आणि कोणती नाही, याची यादी दिली. आजच्या नव्या करारातली नेमकी २७ पुस्तकं असलेली उपलब्ध यादींपैकी ही सगळ्यांत जुनी. मराठी बायबलच्या नव्या करारातही हीच २७ पुस्तकं आहेत.

२ मे ३७३ रोजी ते वारले, तेही आपल्याच शहरात. तेव्हा गादीवर आरियसवाद्यांना धार्जिणा असलेला व्हॅलेन्सच होता. नायसियाच्या निर्णयावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं ते त्यानंतर आठ वर्षांनी, ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये.