कवटी आणि नातेशब्द : इरावती कर्वे यांची संशोधनदृष्टी

इरावती कर्वे यांचे नाव मराठी वाचकाच्या मनात प्रथम ‘युगान्त’शी जोडले जाते. त्यांच्या मानवशास्त्राकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. मात्र ‘युगान्त’मधील चिकित्सक दृष्टी कोठे घडली, हे तिकडे वळल्याशिवाय कळत नाही.

ब्रह्मदेशात १९०५ मध्ये जन्मलेल्या इरावतीबाईंना तेथील नदीचे नाव लाभले. हुजूरपागा, फर्ग्युसन महाविद्यालय आणि मुंबईत गो. स. घुर्ये यांचे मार्गदर्शन, असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी आणि युरोपीयांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठतेशी असावा, हे गृहीत धरून त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला विषय दिला. इरावतीबाईंनी युरोपीय व आफ्रिकी मिळून १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. परदेशी, वसाहतीतून आलेल्या विद्यार्थिनीने खुद्द मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणे ही लहान गोष्ट नव्हे. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली.

तरीही मोजपट्टी त्यांच्या हातून सुटली नाही, हेही नोंदवले पाहिजे. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातील विविध जातींची शरीरमापे घेतली; वि. म. दांडेकर यांच्यासह केलेले ते काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. गुजरातेतील लांघणज येथे ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर उत्खननात मिळालेल्या मानवी सांगाड्यांचाही त्यांनी अभ्यास केला. वंशवादाचा निष्कर्ष नाकारूनही त्याची साधने त्यांनी दीर्घकाळ वापरली. या विसंगतीकडे त्यांच्या चाहत्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

त्यांचे अधिक टिकाऊ कार्य हाडांपेक्षा शब्दांवर उभे आहे. आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात त्यांनी भारताचे चार विभाग कल्पिले आणि प्रत्येक भाषेतील नातेवाचक शब्द पुरावा म्हणून तपासले. उत्तरेत निषिद्ध असलेला मामेबहिणीशी विवाह महाराष्ट्रात अनेक जातींना मान्य आहे. म्हणूनच महाराष्ट्र मध्य विभागात येतो. जुन्या घरांतील सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणे. भाचीला सून करून घेण्याची रीत या संबोधनांत शिल्लक आहे. उत्खननातील खापराइतकाच असा शब्दही बोलका असतो. पुढे लुई द्युमाँ यांनी या ग्रंथावर कठोर टीका केली, पण त्यातील सामग्रीचे मोल त्यामुळे घटले नाही.

महाभारताकडे वळतानाही त्यांनी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्तीच आधाराला घेतली. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या वर्षीच जाई निंबकर यांच्यासह केलेली त्यांची पाहणी प्रकाशित झाली होती. कोयना धरणाने उठवलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले, हा तिचा विषय होता.