पहिली सुई स्वतःला

मागल्या हिवाळ्यात लोहाऱ्याला आमच्या घरी आबाजींचा खोकला हटता हटेना. दोन वर्षांपूर्वी आजी निमोनियानेच गेली होती. खोकला थांबल्यावर यवतमाळच्या डॉक्टरांनी आबाजींना निमोनियाची लस घ्यायला सांगितले. पण लसी लेकरांना टोचतात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्याला कशाला, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. तेव्हा मी त्यांना डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र सांगितले. मित्रहो, तेच येथे थोडक्यात देत आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढल्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने त्यांना तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्यांचे काम सुरू झाले. पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि उष्णतेने मारून त्यांची लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःलाच टोचली. ताप चढला, अंग ठणकले; पण ते निभावले. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला. त्याच मार्चमध्ये पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुल्कोवालची हकीकत मी आबाजींपासून लपवली नाही. हाफकिन यांच्या लसीने प्रत्येकाचा प्लेग टळला नव्हता. निमोनियाची लसही प्रत्येक निमोनिया रोखत नाही. न्यूमोकोकस नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका ती कमी करते आणि हा धोका लेकरांइतकाच म्हाताऱ्यांनाही असतो, हेही सांगितले.

आबाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, की ही लस तुझ्या आजीच्या वेळी होती का. होती. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तेव्हा आबाजी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते.