वलवणचे पाणी, मुंबईचा धूर

लोणावळ्याला सहलीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना वलवणचा तलाव नैसर्गिक वाटतो. प्रत्यक्षात तो इंद्रायणीचे पाणी अडवून माणसाने तयार केला आहे. त्यामागे जमशेटजी टाटा यांचा ध्यास होता.

जमशेटजींचा जन्म १८३९ मध्ये नवसारीला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या व्यापारात आले. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे हवा दमट राखणारी आणि आग विझवणारी यंत्रे बसवली, कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला. कारखान्यातली हवा आणि कामगाराची प्रकृती यांचा संबंध ते ओळखून होते.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळशाच्या धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात. गंधकाच्या वायूने श्वासनलिकांचा दाह होतो. खोकला आणि दमा बळावतो. स्वच्छ आणि स्वस्त वीज हा त्यावर जमशेटजींना दिसलेला उपाय होता. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज करण्याची डेव्हिड गोस्टलिंग यांची सूचना त्यांनी उचलून धरली. ती प्रत्यक्षात येण्याआधीच, १९०४ मध्ये, जर्मनीत त्यांचे निधन झाले. पुत्र दोराबजी यांनी काम पुढे नेले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते आणि टर्बाइन फिरवते.

गिरण्यांचा कोळसा वाचला. पण हिशेब इथे संपत नाही. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. वळवलेले पाणी मात्र पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे जाते. खालच्या गावांना आणि उद्योगांना त्याचा उपयोग झाला; पूर्वेकडच्या खोऱ्याच्या वाट्याचे तेवढे पाणी कमी झाले. पुढे याच उद्योगसमूहाच्या मुळशी धरणात मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच, शेतकरी उठले.

औषधाचा गुण लिहिताना दुष्परिणामही त्याच कागदावर लिहावा लागतो. पर्यावरणाचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वलवणसाठी तसेच दोन रकाने आखावेत. पाणी कुठून आले, कुठे गेले, धूर कुणाचा कमी झाला आणि जमीन कुणाची गेली, हे त्यांत भरावे. होतकरू विद्यार्थ्यांना परदेशी शिकता यावे म्हणून जमशेटजींनी १८९२ मध्ये निधी ठेवला होता. विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठीही त्यांनी आपल्या मालमत्तेतून ३० लाख रुपये देऊ केले; ती संस्था बंगळुरूला उभी राहिली. ज्याने अभ्यासाला इतके मोल दिले, त्याच्या कामाचाही असा दोन्ही बाजूंनी अभ्यास व्हायला हवा.