समुद्राला बांध घालणारे कॉर्नेलिस लेली

नेदरलँड्स, म्हणजेच हॉलंड, हा युरोपातील एक चिमुकला देश. त्याची बरीच भूमी समुद्राच्या पातळीहूनही सखल आहे. या देशाच्या पोटात पूर्वी झाउडरझे नावाचा उथळ उपसागर शिरला होता. वायव्येकडून तुफान उठले की उत्तर समुद्राचे पाणी त्यात लोटे, काठचे बांध फुटत आणि शेते, घरे, गुरे खाऱ्या पाण्याखाली जात. हा उपसागरच बंद करावा, असे पूर्वीही अनेकांनी सुचविले होते. पण ते कसे साधावे, हे नेमके मांडले कॉर्नेलिस लेली यांनी.

लेली यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५४ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. डेल्फ्ट येथे शिक्षण घेऊन १८७५ मध्ये ते अभियंता झाले. १८८६ साली स्थापन झालेल्या झाउडरझे मंडळाने पाहणीचे काम त्यांच्यावर सोपविले. बारकाईने अभ्यास करून १८९१ मध्ये त्यांनी योजना सिद्ध केली. उपसागराच्या मुखाशी एक लांब बांध घालावयाचा; आत येणाऱ्या नद्यांचे पाणी ओहोटीच्या वेळी दारांवाटे बाहेर सोडावयाचे; आतील काही उथळ भागांना वेगळे बांध घालून, पाणी उपसून तेथे शेती करावयाची. उरलेले तळे नद्यांच्या पाण्याने हळूहळू गोडे होणार होते.

त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, लेली मंत्री झाले. आता काम झालेच, असे कोणालाही वाटले असते. परंतु खर्चाचा आकडा ऐकून संसद कचरे. शिवाय काठावरील कोळी विरोधात होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. खारे पाणी गेले की खाऱ्या पाण्यातली मासळीही जाणार! १८९४ मध्ये मंत्रिमंडळ गेले. १८९७ मध्ये लेली पुन्हा मंत्री झाले. तरीही योजना कागदावरच राहिली. १९१३ मध्ये तिसऱ्यांदा मंत्रिपद मिळाले, तेव्हा त्यांनी साठीकडे वाटचाल चालविली होती.

१९१६ च्या जानेवारीत, १३ तारखेच्या रात्री, समुद्र खवळला. ठिकठिकाणी बांध फुटले. एकट्या मार्केन बेटावर १६ माणसे बुडाली. महायुद्धामुळे देशात धान्याची टंचाई होतीच. नव्या शेतजमिनीची गरज आता सर्वांस पटली. १४ जून १९१८ रोजी कायदा संमत झाला. पुढे १९२५ मध्ये कोळ्यांना साहाय्य देणारा कायदाही झाला. तरी कित्येकांचा पिढीजात धंदा बुडाला तो बुडालाच.

मुख्य बांधाचे काम १९२७ मध्ये सुरू झाले. विलो वृक्षाच्या फांद्यांच्या प्रचंड चटया विणून, त्यांवर दगड टाकून त्या तळाशी बुडवीत, म्हणजे प्रवाहाने वाळू वाहून जात नसे. बांधासाठी हिमनद्यांनी मागे ठेवलेली चिवट चिकणमाती वापरली; ती लाटांनी सहजी धुपत नसे. शेवटची खिंड जसजशी अरुंद झाली, तसतसा तीतून धावणाऱ्या पाण्याचा जोर वाढला. २८ मे १९३२ रोजी ती बुजली आणि ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. ते पाहण्यास लेली नव्हते. २२ जानेवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले होते.

उपसलेल्या भूमीवर पुढे गावे वसली. त्यांतील एका शहराला लेलीस्टाड हे नाव मिळाले. १९५३ च्या जानेवारीअखेर पुन्हा भयंकर तुफान झाले. नैऋत्येकडील प्रांतांत बांध फुटून १,८०० हून अधिक माणसे दगावली. त्या रात्री लेलींच्या बांधावरही लाटा आदळत होत्या. त्याच्या आतील गावे मात्र कोरडी राहिली.