अचूकतेचा उपासक : सर जोसेफ व्हिटवर्थ

डिचोलीच्या बाजारात घेतलेली तोटी पेडण्यातील एखाद्या जुन्या घराच्या लोखंडी नळीवर चपखल बसते आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. दोन्ही वस्तू निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या वर्षी घडलेल्या. तरीही त्यांचे आटे एकमेकांशी जुळतात. हे आटे ५५ अंशांच्या कोनात कापलेले असतात. हा कोन ज्याने ठरवून दिला, त्याच पुरुषाने दूरच्या लक्ष्याचा अचूक वेध घेणारी बंदूकही जगाला दिली. त्याचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस येथे सादर करीत आहोत.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या गावी २१ डिसेंबर १८०३ रोजी झाला. वडील शाळामास्तर होते. १८१४ साली त्याचे मातृछत्र हरपले. वडिलांनी मुलांना इतरांच्या हवाली केले आणि ते धर्मोपदेशक होण्यासाठी निघून गेले. चौदाव्या वर्षी जोसेफला काकांच्या सूतगिरणीत उमेदवारीला धाडण्यात आले. पुढेमागे तो त्या धंद्याचा भागीदार व्हावा, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता. परंतु मुलाचे चित्त सुतात नव्हे, तर यंत्रांत गुंतले होते. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने गिरणी सोडली व मँचेस्टरला जाऊन तो साधा कारागीर म्हणून राबू लागला. १८२५ मध्ये तो लंडनला हेन्री मॉड्स्ले या विख्यात यंत्रकाराच्या कारखान्यात दाखल झाला.

तेथे एका प्रश्नाने त्याला पछाडले. पूर्णपणे सपाट असा पृष्ठभाग कसा घडवावा? दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळविले, तर एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असूनही ते जुळल्यासारखे भासतात. परंतु तीन पत्रे घेऊन प्रत्येक पत्रा उरलेल्या दोहोंशी ताडून पाहिला, तर ही लबाडी टिकत नाही. तिन्ही पत्रे सपाट झाल्यावाचून ते परस्परांशी जुळतच नाहीत. पत्रे नुसते न घासता त्यांचे उंचवटे शोधून हळूहळू खरवडून काढण्याची ही रीत त्याने १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढे मांडली.

१८३३ मध्ये त्याने मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणे स्क्रूचे आटे पाडी. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात शिरत नसे. व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतून नमुने गोळा केले, त्यांचा मध्य काढला आणि १८४१ मध्ये सर्वांना उपयोगी पडेल असे एकच प्रमाण सुचविले. पुढे इंचाचा दहा लक्षावा भाग जाणणारे मापनयंत्रही त्याने तयार केले.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धाच्या काळात सरकारने एन्फिल्ड रायफलींसाठी यंत्रे उभारण्याच्या कामी व्हिटवर्थचा सल्ला मागितला. चांगली नळी कशामुळे चांगली ठरते हे आधी प्रयोगाने ठरले पाहिजे, असा आग्रह त्याने धरला. त्यासाठी मँचेस्टरजवळील आपल्या घराच्या आवारात त्याने ५०० वार लांबीचे आच्छादित दालन बांधविले. वादळाने ते जमीनदोस्त केले. ते पुन्हा उभारण्यात आले. त्यात ठिकठिकाणी कागदाचे पडदे टांगलेले असत. गोळी त्यांना भोके पाडीत जाई आणि त्या भोकांवरून तिचा सारा मार्ग ध्यानी येई.

एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि तिच्या आतील पीळ ७८ इंचांत एक वेढा घेई. व्हिटवर्थला आढळून आले की, गोळी बारीक व लांबट असेल तर हवेचा अडथळा कमी होऊन तिचा वेग अधिक काळ टिकतो. पण अशी गोळी वेगाने फिरली नाही, तर वाटेतच कोलांट्या घेऊ लागते. म्हणून त्याने नळीचा व्यास ०.४५ इंच ठेवला, २० इंचांत एक वेढा दिला आणि नळीचे पोट षट्कोनी केले. गोळीलाही त्याच पिळाचा षट्कोनी आकार दिला. नळी, पीळ, गोळी आणि दारू यांपैकी एकाची निवड इतरांना सोडून करता येत नाही, हे त्याने सिद्ध केले.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० वारांवर व्हिटवर्थच्या गोळ्या मध्यापासून सरासरी साडेचार इंच ढळल्या, तर एन्फिल्डच्या सुमारे २७ इंच. १४०० वारांवर व्हिटवर्थचा फरक साडेचार फुटांच्या थोडा वर गेला. एन्फिल्डचा तर तेथे नेमच लागेना.

याच सुमारास आपल्या देशात त्याच एन्फिल्डच्या काडतुसांनी वणवा पेटविला होता. कागदी काडतुसाचे टोक दातांनी तोडावे लागे आणि त्याला लावलेल्या चरबीमुळे हिंदू व मुसलमान शिपायांची मने पोळली होती. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूर येथे मंगल पांडे उठला. पुढे नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी रणांगण गाजविले. इंग्लंडात नळीचा पीळ इंचाइंचाने मोजला जात होता. येथे मात्र काडतूस कोणाच्या ओठांना लागणार, याचा विचार राज्यकर्त्यांनी केला नाही. ज्याच्या हाती वस्तू द्यावयाची त्याच्या मनाचे माप न घेतल्यास बाकीची सारी मापे व्यर्थ जातात, असे आम्हांस वाटते.

परीक्षेत अव्वल ठरूनही व्हिटवर्थची रायफल सैन्याने स्वीकारली नाही. तिची किंमत फार होती आणि बारीक नळीत दारूची काजळी लवकर साचे. तथापि नेमबाजांनी तिला डोक्यावर घेतले. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन झाले. घोडीवर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी व्हिक्टोरिया राणीने ओढली आणि ४०० वारांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सुमारे दीड इंचावर गोळी लागली. पुढे १८७१ मध्ये इंग्रज सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली, तेव्हा तिच्या नळीचा व्यास ०.४५ इंचच होता.

या कथेची दुसरी बाजू विद्यार्थ्यांपासून लपविणे आम्हांस उचित वाटत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांनी हीच रायफल वापरली. ९ मे १८६४ रोजी सेनापती जॉन सेज्विक हिच्याच गोळीने पडला, असे मानले जाते. अचूकता ही स्वतः साधूही नसते आणि खुनीही नसते. तिला वळण देणारा मनुष्यच तिचे पाप-पुण्य ठरवितो.

शस्त्रे व यंत्रे यांतून मिळालेल्या संपत्तीचा मोठा वाटा व्हिटवर्थने विद्येकडे वळविला. १८६८ मध्ये त्याने प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्यांसाठी देणगी दिली. उमेदवाराला पुस्तकी ज्ञानाबरोबर हातातील कसबही दाखवावे लागे. या शिष्यवृत्त्या इंग्लंडात आजही दिल्या जातात. १८६९ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्याचे देहावसान झाले. त्याच्या पश्चात त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरला उद्यान, कलादालन व रुग्णालय यांना साहाय्य लाभले.

आई नाही, घर नाही, अशा स्थितीत वाढलेल्या एका उमेदवाराने आयुष्यभर 'जवळजवळ बरोबर' यावर समाधान मानले नाही. आमच्या बालमित्रांनी गणिताच्या वहीत शेवटचा अंक अंदाजाने लिहिण्यापूर्वी त्या तीन पत्र्यांचे स्मरण करावे, एवढीच आमची अपेक्षा.