जोतीराव फुले आणि पाण्याचा हौद

बावधनाहून टेकड्या ओलांडून दक्षिणेकडे गेलें म्हणजे खडकवासल्याचें धरण लागतें. पाणी इतकें जवळ असूनही उन्हाळ्यांत बावधनांतील पुष्कळ घरांस टँकरचें पाणी विकत घ्यावें लागतें. ह्याच धरणाच्या बांधकामास साहित्य पुरविण्याचा ठेका जोतीराव फुल्यांनीं घेतला होता. पाणी असणें एक आणि तें गरिबाच्या हातीं येणें दुसरें, हें त्यांनीं ओळखिलें होतें. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं माळी कुळांत झाला. १८४१ ते १८४७ पर्यंत ते पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत. तथापि सर्व माणसें एकाच निर्मिकाचीं लेंकरें आहेत, असें ते मानीत. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढिली.

त्या काळीं अस्पृश्य मानिलेल्या लोकांस गांवच्या विहिरीस शिवण्याची मनाई होती. कोणी दया येऊन वरून पाणी घालील तोंवर त्यांनीं रिकामी घागर घेऊन दूर उभें राहावें. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद ह्या लोकांस खुला केला. असें करणें म्हणजे जातीबाहेर पडण्याची तयारी ठेवणें होतें.

पावसावरची शेती, जड सारा आणि सावकाराचें कर्ज ह्यांखालीं कुणबी दबून गेला होता. १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं दंगा करून कर्जरोखे जाळिले. पुढच्याच वर्षीं पाऊस गेला व मोठा दुष्काळ पडला. तेव्हां जोतीरावांनीं धनकवडीस उपाशी मुलांच्या अन्नाची सोय केली.

१८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत त्यांनीं उपायही सांगितला. डोंगरउतारावर लहान ताली व बंधारे घालून पाणी जमिनींत मुरवावें. विहिरी व तलाव करावे. कालव्याचें पाणी वेळेवर न मिळाल्यानें पिकें वाळतात, म्हणून प्रत्येक शेतास मापानें पाणी द्यावें. १८९० सालीं ते वारले.

बंधुभगिनींनो, कोरड्या विहिरीपेक्षां अडविलेली विहीर अधिक भांडणें लाविते. आपल्या गांवच्या पाणवठ्यावर सर्वांच्या शेवटीं कोणाची घागर भरते, तें आपण पाहावें, आणि तिला पुढें जागा द्यावी.